गव्हावर घेऊ का?

सिल्वासातल्या डोकमर्डीला खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला सगळ्यात आधी पँटचे खिसे उलटे करायला सांगितले. नरोलीच्या कारखान्यात लागून मला चार महिने झाले होते. तिथे सुटताना गेटवर रोज झडती द्यायची सवय होती, त्यामुळे मी निमूटपणे दोन्ही खिसे बाहेर काढले. उजव्या खिशातून थोडा चुरा फरशीवर पडला. काका वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि चुऱ्याकडे असे बघू लागले की मला वाटलं, आता पोलीस येणार.

"हे काय?"

"बिस्किट असेल, काका."

"असेल? कधीचं?"

"आठवत नाही."

"आठवत नाही," ते भिंतीकडे बघून म्हणाले, जणू तिथे बसलेला एखादा कारकून हे उतरवून घेत होता. मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला काय चालत नाही?"

मला वाटलं, इथे काहीतरी चालत नसलं तरच खोली मिळते. मी म्हणालो, "वांगं चालत नाही."

"गाव कुठलं?"

"जळगावकडचा आहे."

"जळगावचा माणूस आणि वांगं चालत नाही?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदा माझ्याबद्दल थोडी उत्सुकता आली. "चालत नाही की आवडत नाही? दोन्हीत फरक आहे. आवडत नसलं तर तोंड वाकडं होतं. चालत नसलं तर आतडं."

मी खरं ते सांगितलं. खोली मिळाली.

काका रत्नागिरीकडचे. उमेदीत इथल्या मोजणी खात्यात लागले, आयुष्यभर दादरा नगर हवेलीच्या टेकड्यांवरून साखळी ओढली, निवृत्त झाल्यावर इथेच घर बांधलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. माणूस उंच, काटकुळा; शर्ट अंगावर हँगरला अडकवल्यासारखा. नोकरीची निम्मी वर्षं त्यांचं पोट बिघडलेलं होतं. रक्त कमी, थकवा, तोंडात फोड. कुणी वायू म्हटलं, कुणी काळजी म्हटलं, एकाने तर जागा बाधते म्हणून बदली मागायला सांगितलं. शेवटी वापीच्या एका डॉक्टरने रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतडं बघितलं आणि सांगितलं, सीलिअ‍ॅक. गहू बंद. जव बंद. मैदा, रवा, शेवया, पाव, सगळं जन्मभर बंद.

"आतड्याला आतून लव असते," ते प्रत्येक नव्या माणसाला समजावत. "गालिच्याला असते तशी. गव्हातलं ते चिकट आत गेलं की माझ्या गालिच्याची लव झडते. मग कितीही खा, सगळं घसरून जातं. आणि पोळीभर लागत नाही बरं का. चिमूट पुरते."

चिमटीचा तो हिशेब त्यांच्या मोजणीच्या डोक्यात फार खोल बसला होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांनी तांबड्या तैलरंगाने रेघ मारली होती. रेघेच्या आत नागली म्हणजे नाचणी, तांदूळ, डाळी. रेघेबाहेर पाहुण्यांनी आणलेलं सगळं. पाहुण्याचा डबा दोन बोटं जरी आत सरकला, तरी ते म्हणायचे, "अतिक्रमण." हिंगाच्या डबीवर त्यांचं खास लक्ष. खड्याचा हिंग चाले. डबीतल्या पुडीच्या हिंगात पीठ कालवलेलं असतं, हे त्यांच्यामुळे मला तिशीत कळलं. घरघंटी का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी मला बसवून उलटतपासणी घेतली.

"कारखान्यात काम करतोस ना? मशीन विकण्याआधी चालवून बघतात की नाही?"

"बघतात."

"घरघंटीत काय घालून बघत असतील?"

"गहू," मी म्हणालो. ते समाधानाने मागे टेकले.

जुन्या नोकरीवरही त्यांचा संशय होता. कचेरीतले नकाशे कापडावर मैद्याच्या खळीने चिकटवलेले असत, आणि बोट जिभेला लावून पानं उलटायची ही त्यांची सवय. "सरकारने मला पगार दिला," ते म्हणत, "आणि मैदा फुकट."

लग्नाला जाताना ते स्वतःचा डबा नेत. लोकांना वाटे, म्हातारा सोवळं पाळतो. गणपतीत आरतीनंतर हातावर शिरा ठेवायला कोणी आलं की हात मागे घेत. मग लोकांना वाटे, म्हातारा देव मानत नाही. सगळ्या गल्लीचा त्यांच्यावर संशय आणि त्यांचा सगळ्या गल्लीवर. दोन्ही बाजूंनी कुंपण पक्कं होतं.

माझ्यासाठी त्यांची अट एकच होती: घरात गहू आणायचा नाही. मी गव्हावर वाढलेला माणूस. दुपारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चार-चार पोळ्या हाणायचो आणि घरात शिरताना अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचो. पण संध्याकाळच्या चहाला काहीतरी लागतंच. सिल्वासात दारूला बंदी नाही. शेजारच्या गुजरातेतून माणसं शनिवार-रविवारी खास प्यायला येतात. त्या गावात मी हेल्मेटमध्ये ग्लुकोज बिस्किटांचा पुडा लपवून जिना चढायचो आणि दाराला कडी लावून खायचो. एकदा काकांनी वरून आवाज ऐकला आणि खालून विचारलं, "काय फोडतोयस?" मी म्हणालो, "बीअर." ते म्हणाले, "बीअरमध्ये जव असतो. ग्लास खाली आणू नकोस." आणि निश्चिंत झाले.

या घरात ज्याला कधी खिसे उलटे करावे लागले नाहीत, असं एकच माणूस होतं. स्वयंपाकाच्या मावशी. त्या दुधनीच्या, मधुबन धरणाच्या काठच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बांध्याने बारीक, बोलायला तिखट. आठवडाभर सिल्वासात बहिणीकडे राहायच्या आणि सुट्टीला गावी जायच्या. सात वर्षं काकांची भाकरी त्याच थापत होत्या. नागली त्यांच्याच शेतातली, आणि दळणही त्या गावाकडूनच करून आणायच्या. तिथल्या गिरणीत दोन जाती होती. एकावर गहू, दुसऱ्यावर फक्त नागली आणि तांदूळ, तिथे गहू चढतच नसे. काका स्वतः एकदा जाऊन, दोन तास बसून, हे बघून आले होते. मोजणीवाला माणूस, शेजाऱ्याच्या शब्दावर खूण रोवत नाही.

त्या वर्षी मावशींचा गुडघा धरला. एस.टी.त चढताना पिशवी उचलवेना. मी पुढे सरसावलो. मोटारसायकल होती, रविवार मोकळा होता आणि काकांच्या नजरेत चढायची हौस होती. "मी आणतो की दळण! मावशींच्या घरून नागली घ्यायची, गिरणीत टाकायची, यायचं. त्यात काय?"

पहिल्या खेपेला मी खरंच सगळं केलं. घाटाचा रस्ता, खड्डे, गिरणीपुढे रांग, ढुंगण दुखून आलं. दुसऱ्या खेपेला मावशींच्या मुलाने नागलीची पिशवी बांधून दिली, आणि तेवढ्यात नरोलीच्या मित्राचा फोन आला. त्याच्या खोलीवर मटण शिजत होतं. मी पिशवी तशीच घेऊन निघालो. नरोलीत त्याच्या चाळीखाली गिरणी होतीच. पीठ म्हणजे पीठ, नागली म्हणजे नागली. जातं इथलं काय आणि तिथलं काय?

नरोलीत भाड्याच्या खोल्यांतून राहणारे सगळे कामगार गहू दळायला आणतात. गिरणीवाल्यानं माझ्या पिशवीत हात घातला आणि विचारलं, "गेहूँ के ऊपर ले लूँ क्या?"

जळगावला आई दळण टाकायची, मी नाही. हा प्रश्न गिरणीवाला प्रत्येकाला विचारतो, एवढंच लहानपणी ऐकलेलं. जात्यात आधीच्या दळणाचं पीठ अडकलेलं असतं, तुमचं धान्य त्याच्यावर घातलं की ते तुमच्या पिठात उतरतं, म्हणून तो विचारतो. हे माझ्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. मला वाटलं, लवकर नंबर लावू का, असं विचारतोय. "ले लो, भाई," मी ऐटीत म्हणालो, आणि वर मटणाला गेलो.

मटण उत्तम झालं होतं. त्यामुळे पुढची दोन दळणंही तिथेच झाली. काका विचारायचे, "दुधनीला रांग होती का?" मी म्हणायचो, "होती थोडी."

मावशींना पहिल्याच भाकरीला कळलं. थापताना त्या थांबल्या, पीठ बोटांत चोळलं. "ह्या वेळचं पीठ वेगळं लागते. भाकर फाटत नाय, चिकटते."

"चांगलंच की, मावशी," मी दारातून म्हणालो. "बारीक दळलंय."

"बारीक नाय. वेगळं."

मी तिथून सटकलो. खरं सांगायचं तर तेव्हा मला काकांच्या आतड्याची नव्हे, माझ्या खोटेपणाची काळजी वाटली. दुधनीला न जाता दुधनी सांगितली होती, ती उघडी पडायला नको.

महिन्याभरात काकांचं पोट बिघडलं. तोंडात फोड आले. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. मग आणखी एक. डॉक्टरने रक्त तपासलं आणि सांगितलं, कुठून तरी गहू जातोय, शोधा. असंच चाललं तर पुढे सावरणं कठीण जाईल. काकांनी कागद खिशात घातला आणि तपास सुरू केला. आधी हिंग गेला. मग मसाल्याचा दुकानदार गेला. मग औषधाच्या गोळ्या. त्यांच्या वेष्टनात काय असतं म्हणून त्यांनी चार दुकानदारांना हैराण केलं. मी प्रत्येक तपासात हिरिरीने भाग घेतला. चिंचेत पीठ असेल का, ही कल्पना माझीच. गुळाला लावतात म्हणे, हीसुद्धा माझीच.

"तू मनापासून शोधतोयस," काका एकदा म्हणाले. ते वाक्य मी अजून गिळतो आहे.

शेवटी उरल्या मावशी. काकांनी बैठकीत खुर्ची मांडली, मावशींना समोर बसवलं, आणि मला कागद-पेन दिलं. "जबाब घ्यायचा. मी विचारतो, तू लिही. खाली पंच म्हणून सही कर."

"काकाभाई, मी काय चोर हाय?" मावशी उभ्याच राहिल्या.

"बस. चोर कोण म्हणतंय? बहिणीच्या घरी पोळ्या करतेस?"

"करते. तिची पोरं खातात."

"तिथून येताना हात धुतेस?"

"सात वरस धुते. आज इचारता?"

"साडी तीच असते?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं.

"सांगते, लिवा," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "पीठ बदललंय. तीन खेपा झाल्या. मी ह्या भाईला बोलले होते. माझा हात नाय बदलला, पीठ बदललंय. लिवा."

पेन माझ्या हातात थांबलं. त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या मनात गिरणीवाल्याचा तो प्रश्न उभा राहिला. गव्हावर घेऊ का. आणि मला त्याचा अर्थ लागला, किंवा लागायला लागला. लगेच सांगायला हवं होतं. मी काय केलं? मी लिहिलं: 'बहिणीच्या घरी गव्हाचा स्वयंपाक करते. साडी बदलत नाही.' पिठाचं वाक्य लिहिलंच नाही. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी अंगठा दिला. खाली मी पंच म्हणून सही केली, वळणदार.

काकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मावशींनी ओट्यावरचं पोलपाट, तवा, परात घासून पालथं घातलं, पदराला हात पुसले आणि निघाल्या. माझ्याजवळून जाताना थांबल्या. "तुमी लिवलं नं?"

"हो," मी म्हणालो.

त्यानंतर काका स्वतः भाकरी थापू लागले. त्याच पिठाची. वाकडीतिकडी, जाड, कडेला कच्ची. आठवड्याभरात त्यांना जिना तर सोडाच, अंगणाची पायरी उतरायलाही भिंत धरावी लागली. मला झोपेत गिरणी दिसायला लागली. तरी माझ्यातला वकील म्हणत होता, खात्री कर, उगाच बोलू नकोस. म्हणून मी नरोलीला जाऊन गिरणीपुढे उभा राहिलो. एका बाईने बाजरी ओतली, गव्हावर. खालून आधी पांढरं पीठ पडलं. बराच वेळ पांढरंच पडत राहिलं. मग हळूहळू राखाडी. चिमूट कसली, मूठभर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका परात पुढ्यात घेऊन बसले होते. मी समोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. दुधनी नाही, नरोली. तीन खेपा. गव्हावर.

त्यांनी पिठातून हात काढला. शिव्यांची वाट बघत मी डोळे मिटले.

"तिला कळलं होतं का?"

"हो. तिनं जबाबात सांगितलं. तुम्हीही ऐकलंत."

"मी ऐकलं," ते म्हणाले. "पण मला वाटलं, अंगाशी आलं की माणूस पिठावरच ढकलणार. आणि तू लिहिलं नाहीस, म्हणजे लिहिण्यासारखं नसेल, असं धरून चाललो." त्यांनी परात बाजूला सारली. "कागद आण. गाडी काढ."

गाडीवर बसायच्या आधी त्यांनी सीटवर हात फिरवला. "इथे काय ठेवत होतास?"

"पीठ."

त्यांनी खांद्यावरचा पंचा सीटवर टाकला आणि वर बसले. वाटेत दोनदा उतरून रस्त्याच्या कडेला ओकारी काढली. मी पाणी पुढे केलं तर माझी बाटली न घेता हातपंपावर गेले.

मावशी घराच्या ओट्यावर नागली पाखडत होत्या. आम्हाला बघून सूप चालूच ठेवलं. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चूक झाली," काका म्हणाले.

"कोणाची?"

मला वाटलं, आता माझ्याकडे बोट जाणार. मी मानही खाली घालून तयार होतो.

"माझी. मी दुकानदारावर संशय घेतला, गोळ्यांवर घेतला, तुझ्यावर घेतला. ह्याच्यावर घेतला नाही. खिशातून चुरा पडताना बघूनही नाही."

"का नाय घेतला?"

काकांनी उत्तर शोधलं. मोजणीत अडलेला माणूस खुणेचा दगड शोधतो तसं आजूबाजूला बघितलं. "शिकलेला आहे म्हणून," ते शेवटी म्हणाले.

"आन मी नाय शिकले, म्हणून माझ्यावर."

धरणावरून वारा येत होता, सुपातला कोंडा आमच्या पायांवर उडत होता.

"कागद आनला?" मावशींनी मला विचारलं. "वाचा. मोठ्यानं. ह्या बायांना ऐकू जाऊ द्या."

मी वाचलं. बहिणीच्या घरी गव्हाचा स्वयंपाक करते. साडी बदलत नाही. आपलंच अक्षर वाचताना एवढी लाज मला शाळेतही कधी वाटली नव्हती.

"आन पीठ?"

"ते... लिहिलं नाही, मावशी."

"तुमी हो बोललात मला."

"हो. खोटं बोललो."

शेजारची एक बाई तोंडाला पदर लावून दुसरीला काहीतरी म्हणाली, आणि दोघी हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्या उठल्या, आत गेल्या, आणि जेवायला वाढलं: नागलीची भाकरी, तांदळाच्या पिठात घोळवलेली धरणातली मासळी, चटणी. काका जमिनीवर बसले. मी त्यांना कुठल्याही पंगतीत प्रश्न विचारल्याशिवाय घास उचलताना बघितलं नव्हतं. तेल कुठलं, हात कुठले, तवा कुठला. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. भाकरी मोडली आणि खाल्ली. चटणीची वाटी त्यांच्याकडे सरकवावी म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी पानावर पंजा आडवा धरला.

"तू नको."

जेवणानंतर काका म्हणाले, "उद्यापासून येशील?"

"नाय," मावशी म्हणाल्या. "पीठ देईन. नागली माझी, दळण माझं, तुमच्या पोटाची जोखीम हाय म्हणून देईन. पन त्या घरात नाय येणार. खुर्चीसमोर परत नाय बसणार."

काकांनी मान डोलावली. हद्द मान्य केली.

मला वाटलं, आता माझी खोली गेली. मीच विषय काढला. ते म्हणाले, "राहा. दुसरीकडे गेलास तर काय करतोयस ते कळायचं नाही." मी आणखी दोन वर्षं तिथे राहिलो. त्यांची भाकरी हळूहळू गोल होत गेली. तब्येत सावरली, पट्टा दोन भोकं सैल झाला. पंधरा दिवसांनी एकदा ते सकाळच्या एस.टी.ने दुधनीला जायचे. ओट्यावर बसून जेवायचे, पीठ घ्यायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मावशी त्यांना घरात घेत, वाढत, दोन शब्द बोलत. सिल्वासाला मात्र कधी आल्या नाहीत.

एका संध्याकाळी मी कामावरून येताना ते स्टँडवरून चालत येताना दिसले. ऊन अजून होतं, वय दिसत होतं, खांद्यावर पिठाची पिशवी. मी गाडी त्यांच्या बाजूला हळू केली.

"काका, द्या इकडे. घरापर्यंत नेतो."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. मग पिशवी माझ्याकडच्या खांद्यावरून काढून पलीकडच्या खांद्यावर घेतली आणि चालू लागले.